आधी हेल्मेट की आधी हॅन्स?

पत्राचा सारांश: पत्रलेखक हौशी रेसर आहेत. नोकरी सांभाळून गेली काही वर्षं ट्रॅक-डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर हौसेने गाडी चालवायच्या दिवसांना, जातात. येत्या हंगामात टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्धची एकेकट्याची फेरी) आणि हिल क्लाइंबच्या (तीच फेरी, पण घाटाच्या चढावर) स्पर्धांत नाव घालायचं त्यांनी ठरवलं आहे. गाडी छोटी हॅचबॅक. तिच्यात मागच्या वर्षी बकेट सीट, मागच्या बाजूचा अर्धा रोलकेज (गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून बसवायचा लोखंडी नळ्यांचा सांगाडा) आणि चार-बिंदू हार्नेस, म्हणजे रेसिंगचा पट्टा, बसवून झाला आहे. डोक्यावर आजवर दुचाकीचं हेल्मेट. ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणाऱ्या मावसभावाने, ज्यांना ते दादा म्हणतात, आपलं जुनं रेसिंग हेल्मेट आणि मानेभोवती घालायची फोमची कॉलर देऊ केली आहे. ‘आपल्या वेगाला हॅन्सबिन्स लागत नाही, ते मोठ्या लोकांचं काम,’ असं दादांचं मत. (हॅन्स म्हणजे धडकेत डोकं आणि मान रोखून धरणारं, खांद्यावर घालायचं उपकरण.) ‘घ्यायचं तर सगळ्यात भारी घ्या, नाहीतर जाऊच नका,’ असं पत्नीचं. पत्रलेखकाचा जीव मात्र एका कार्बन फायबरच्या हेल्मेटवर जडला आहे, आणि ते घेतलं तर हॅन्सला पैसे उरत नाहीत. ‘यंदा एकच गोष्ट परवडेल. कुठली घेऊ? आणि दादांच्या वस्तू त्यांना न दुखावता परत कशा करू?’

तुम्ही हेल्मेट आणि हॅन्स यांच्यातली निवड विचारली आहे, पण पत्र वाचताना माझं बोट थांबलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर. चार-बिंदू हार्नेस बसवून झाला आहे. तुमच्या मानेला आज सगळ्यात मोठा धोका त्या हार्नेसचा आहे. घाबरवायला म्हणून लिहीत नाही. तुम्ही पैसे खर्च करून, मनापासून, सुरक्षिततेसाठीच तो बसवलात, म्हणून हे आधी सांगायला हवं.

कंपनीतून आलेला तीन-बिंदू पट्टा धडकेत थोडा सैल सोडतो. तो ताणला जातो, अंग पुढे येतं, एका बाजूला थोडं वळतंही, आणि समोर एअरबॅग असते. छाती आणि डोकं साधारण एकत्र पुढे जातात. हार्नेसचं काम याच्या उलट. तो दोन्ही खांदे सीटला घट्ट बांधून ठेवतो. धडकेत धड जागच्या जागी थांबतं, आणि डोकं एकटंच पुढे जातं. त्याला अडवायला मानेखेरीज काहीच नसतं. एक गाडी दुसरीला ओढत असताना सैल पडलेली दोरी एकदम ताणली जावी, तसा झटका मानेला बसतो. म्हणजे हार्नेस आहे पण मानेचं उपकरण नाही, ही स्थिती मानेपुरती साध्या पट्ट्यापेक्षा वाईट. ट्रॅक-डेला येणाऱ्या निम्म्याअधिक हौशी मंडळींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. हार्नेस विकणारा तर सांगत नाहीच.

आता दादांच्या ‘आपल्या वेगाला’ या म्हणण्याकडे येऊ. हिशोब कागदावर करून बघा, अवघड नाही. गाडी ताशी ८० किलोमीटरने सरळ भिंतीवर गेली आणि तिचं नाक ६० सेंटिमीटर चेपून ती थांबली, तर सरासरी मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा जोर, येतं ४२ जीच्या आसपास (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर). ताशी १०० किलोमीटरला तेच ६५ जी होतं. ही सरासरी झाली. क्षणभराचा कमाल आकडा याच्या वर असतो. माणसाचं डोकं साडेचार ते पाच किलोचं, हेल्मेट दीडेक किलोचं, मिळून साडेसहा धरू. ५० जीला हे साडेसहा किलो मानेला सव्वातीनशे किलोच्या जोराने ओढतात. आणि ताशी ८० हा काही व्यावसायिकांचा वेग नाही. तुमच्या हॅचबॅकचा तो तिसऱ्या गिअरचा वेग आहे.

उलट मी तर म्हणेन की हौशी माणसाची बाजूच जास्त लंगडी असते. मोठ्या सर्किटवर रन-ऑफ, म्हणजे ट्रॅकच्या कडेची मोकळी जागा, असतो, टायरच्या भिंती असतात, डॉक्टर दोन मिनिटांत पोचतो. हिल क्लाइंबला रस्त्याच्या कडेला असतं झाड, मोरीचा कठडा किंवा दगड, आणि तेही थंड टायरवर, पहिल्याच वळणाला. वेग कमी असेल, पण थांबायला मिळणारं अंतर त्याहून कमी असतं. मानेला किती सोसावं लागणार हे वेग आणि अंतर मिळून ठरवतात. हौशी लोक फक्त वेगाचं बघतात.

अशा झटक्यात नेमकं काय तुटतं, तेही एकदा समजून घ्या. कवटीचा तळ, जिथे ती मणक्यावर बसते, तिथलं हाड फाटतं. त्याच जागेतून मज्जारज्जू जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या जातात. यासाठी डोकं कुठेही आपटावं लागत नाही. म्हणून ‘हेल्मेट चांगलं असलं की झालं’ हे गणित इथे चुकतं. हेल्मेट आपटण्यापासून वाचवतं. ओढण्यापासून ते वाचवत नाही, आणि जड असेल तर त्यात भरच घालतं.

रेसिंगच्या जगाला हे उमगायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९८१ मध्ये अमेरिकेत मिड-ओहायो ट्रॅकवर सराव करताना पॅट्रिक जाकमार हा रेसर गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः रेसर, आणि डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचा प्राध्यापक. या दोघांनी मिळून हॅन्स तयार केलं: खांद्यावर बसणारं जोखड, मानेमागे उभी कॉलर, आणि कॉलरपासून हेल्मेटच्या दोन बाजूंना जोडलेले छोटे पट्टे, ज्यांना टेदर म्हणतात. हार्नेस जोखडाला दाबून धरतो, जोखड टेदरमधून हेल्मेटला धरतं, आणि डोकं धडाबरोबरच थांबतं. कल्पना एवढीच. पण वर्षानुवर्षं रेसर लोक ती घालायला तयार नव्हते. अडचण होते, मान वळत नाही, आपल्याला काय गरज, हीच कारणं तेव्हाही होती. २००० साली अमेरिकेतल्या नॅसकार या स्टॉक-कार शर्यतींतले रेसर अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर गेले. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत त्याच शर्यतींतला दिग्गज डेल अर्नहार्ट गेला, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॅसकारने डोकं-मान रोखणारं उपकरण सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने २००३ पासून. अर्नहार्टपेक्षा अनुभवी माणूस तुमच्या-माझ्या ओळखीत निघणार नाही. अनुभवाने धडक टाळता येते कधीकधी. झालेल्या धडकेत त्याचा काही उपयोग नसतो.

दादांची फोमची कॉलर या कामाची नाही. ती हेल्मेटच्या वजनाने मान दुखू नये म्हणून असते, लांबच्या फेऱ्यांत तेवढा आराम देतेही. तिच्यावर एसएफआय ३.३ असा शिक्का दिसेल (एसएफआय ही रेसिंगच्या सामानाची प्रमाणं ठरवणारी अमेरिकी संस्था), आणि तो पाहून पुष्कळ जण फसतात. डोकं-मान रोखणाऱ्या उपकरणाचं प्रमाण वेगळं आहे, एसएफआय ३८.१. त्याच्या चाचणीत डमीला सुमारे ७० जीचा धक्का देतात, समोरून आणि ३० अंश तिरकाही, आणि मानेवरचा ताण ४००० न्यूटनच्या आत राहावा लागतो. फोमच्या कॉलरला यातलं काहीच करावं लागत नाही. तेव्हा खरेदी करताना ‘एसएफआय आहे का’ एवढं विचारून चालणार नाही, पुढचा आकडा वाचा. एफआयएचं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचं, लेबल असेल तर ८८५८ हा क्रमांक हवा.

आता तुमच्या हार्नेसकडे परत. चार-बिंदू म्हणजे दोन खांद्यांचे आणि दोन कमरेचे. मांड्यांमधून जाणारा पट्टा नाही. धडकेत खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर ओढतात, माणूस खालून पुढे सरकतो, आणि कमरेचा पट्टा हाडावरून निसटून मऊ पोटावर येतो. शिवाय अंग खाली सरकलं की खांद्याचे पट्टे सैल पडतात, आणि हॅन्स ज्या पट्ट्यांच्या दाबावर उभं असतं तो दाबच जातो. म्हणून पहिला खर्च हा: पाच किंवा सहा बिंदूंचा हार्नेस. बकेट सीटला खालच्या पट्ट्यासाठी भोक आहे का ते बघून घ्या. हार्नेसचं लेबलही वाचा. एसएफआयच्या पट्ट्यांची मुदत बनल्या तारखेपासून दोन वर्षांची असते, आणि दुकानात पडून असलेल्या काळात ती थांबत नाही.

खांद्याचे पट्टे मागे कुठे बांधले आहेत, याकडे तर जवळपास कुणीच बघत नाही. खांद्यापासून मागे जाताना ते आडवे असावेत, फार तर २० अंश खाली उतरते. मागच्या सीटच्या पट्ट्याच्या बोल्टला, म्हणजे थेट जमिनीजवळ बांधले असतील, तर धडकेत ते खांद्यांना खाली दाबतात आणि तो सगळा भार मणक्यावर येतो. रोलकेजच्या आडव्या नळीला बांधा. दोन्ही पट्टे नळीवर एकमेकांच्या जवळ हवेत. लांब लांब बांधले तर हॅन्सच्या पंखांवरून, म्हणजे जोखडाच्या छातीवर उतरणाऱ्या दोन बाजूंवरून, बाहेरच्या बाजूला घसरतात. स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, मी ड्रायव्हरला सीटवर बसवून, पट्टे आवळायला लावून, खिडकीतून वाकून हेच पाहते. पट्टा पंखाच्या मधोमध बसलेला दिसतो. मग त्याला डावीकडे-उजवीकडे वळायला सांगते, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच एक पट्टा पंखाच्या कडेवर येऊन बसतो. अंगावर हॅन्स आहे, लेबल नवं कोरं आहे, आणि धडकेत ते अर्ध्याच पट्ट्यावर चालणार आहे.

उपकरण कुठलं घ्यावं, यात दोन घराणी आहेत. एक हॅन्सचं आणि त्यासारख्या जोखडांचं. दुसरं छातीभोवती स्वतःचे पट्टे असलेल्या उपकरणांचं, ज्यांना हायब्रिड म्हणतात. हॅन्स हार्नेसच्या दोन्ही पट्ट्यांखाली दाबलेलं असेल तरच काम करतं, त्यामुळे कंपनीच्या तीन-बिंदू पट्ट्याबरोबर ते निरुपयोगी. एकच खांदा बांधलेला असतो, जोखड दुसऱ्या बाजूने उडून जातं. हायब्रिड प्रकारातली काही उपकरणं तीन-बिंदू पट्ट्यासोबतही वापरता येतात. ज्यांची गाडी रोजच्या वापराची आहे आणि ज्यांना आतलं काही बदलायचं नाही, अशा वाचकांनी तिकडे बघावं, उत्पादकाच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलंय याची खात्री करून. तुमच्याकडे बकेट सीट आणि केज आहे, तेव्हा तुम्हाला हॅन्स सरळ पडेल.

हॅन्स १०, २०, ३० आणि ४० अंशांत मिळतं. हा आकडा सीटच्या कलाचा. बंद गाडीत जवळजवळ ताठ बसणाऱ्या ड्रायव्हरला बहुधा २० अंश चालतो; ३० आणि त्यापुढचं आडवं पहुडून चालवायच्या सिंगल-सीटरसाठी. माप मानेच्या घेरावरून ठरतं. मित्राचं घालून पाहिलं आणि बरं वाटलं, एवढ्यावर घेऊ नका. स्वतःच्या सीटमध्ये, स्वतःच्या हेल्मेटसकट, पट्टे आवळून बसून बघा. हनुवटी खाली ढकलली जात असेल किंवा जोखड गळ्याजवळच्या हाडाला टोचत असेल तर कोन किंवा माप चुकलंय. टोचतं म्हणून माणूस पट्टे सैल ठेवतो, आणि सैल पट्ट्याखालचं हॅन्स म्हणजे गळ्यातला दागिना.

कार्बनचं महाग जोखड आणि साच्यातल्या प्लास्टिकचं स्वस्त जोखड यांच्यावरचं प्रमाणपत्र तेच असतं. फरक काहीशे ग्रॅमचा आणि खांद्यावर बसण्याच्या सोयीचा. लांब शर्यतींत तो जाणवतो. काही मिनिटांच्या टाइम ट्रायलला मी त्यासाठी वेगळे पैसे मोजणार नाही. सरकते टेदर असलेलं घ्या, मान वळवायला सोपं जातं. नवं घेताना एफआयएचं होलोग्राम किंवा एसएफआयचं तारखेचं लेबल बघा, नकली मालही बाजारात फिरतो. एसएफआय लेबलवालं उपकरण दर पाच वर्षांनी उत्पादकाकडे पाठवून पुन्हा प्रमाणित करून घ्यायचं असतं. एफआयएवाल्याला तशी अट नसली तरी टेदरचं कापड उन्हाने आणि घामाने म्हातारं होतं, ते पाच वर्षांनी बदलावं. वापरलेलं हॅन्स घ्यायला माझी हरकत नाही, जोखडाला तडा नसेल आणि टेदर नवे घालणार असाल तर. वापरलेलं हेल्मेट मात्र कधीच नाही.

आता हेल्मेट. दुचाकीचं हेल्मेट रस्त्यावर पडणाऱ्या माणसासाठी बनवलेलं असतं. गाडीत आग लागू शकते आणि डोकं लोखंडी नळीवर आदळू शकतं, हे त्याच्या चाचणीत धरलेलं नसतं. स्नेल फाउंडेशनच्या प्रमाणांत एसए हे अक्षर गाडीच्या रेसिंगसाठी आणि एम दुचाकीसाठी. एसएमध्ये ज्वाळेची चाचणी होते आणि रोलबारवर आदळण्याचीही. ही संस्थाच मुळी १९५६ मध्ये शर्यतीत गेलेल्या पीट स्नेलच्या स्मरणार्थ पुढच्या वर्षी सुरू झाली. प्रमाण दर पाच वर्षांनी नवं होतं: एसए२०१५, एसए२०२०, एसए२०२५. एसए२०१५ पासून हेल्मेटच्या कवचात हॅन्सचे अँकर, म्हणजे टेदर अडकवायच्या खुंट्या, बसवायची आट्यांची जागा आधीच करून द्यावी लागते. त्याआधीच्या हेल्मेटात ती असेलच असं नाही, आणि घरच्या ड्रिलने कवचाला भोक पाडायचा मोह तर अजिबात नको. हे मी हवेत बोलत नाही, अशी हेल्मेटं स्क्रुटिनीच्या टेबलावर येतात.

दादांच्या हेल्मेटचं वर्ष तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा हात लावून बघा. आतलं मऊ अस्तर कडेला सारा, टॉर्च मारा, स्नेलचं स्टिकर आत खोल चिकटवलेलं सापडेल. जुन्या हेल्मेटात अस्तरावरून बोट फिरवलं की स्पंजचा काळा भुगा बोटाला लागतो. त्याच्या मागचा पांढरा थर्माकोल, म्हणजे खरं रक्षण करणारी वस्तू, वरून ठाकठीक दिसला तरी घाम, ऊन आणि वर्षं त्याने खाल्लेली असतात. एकदा आपटून दबला की तो पुन्हा फुगत नाही. वापरातलं हेल्मेट पाच वर्षांनी बदला, असं स्नेलच सांगते. स्पर्धा भरवणाऱ्या बहुतेक संघटना चालू प्रमाण आणि त्याच्या मागचं एखाद-दुसरंच स्वीकारतात. तुमच्या संघटनेच्या नियमावलीत काय आहे ते स्वतः वाचा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

आणि तुमचं कार्बन फायबर? मन बसलंय हे समजू शकते, दिसतातही ती देखणी. हलकं हेल्मेट मानेला चांगलं, यात वाद नाही. पण फायबरग्लासचं एसए२०२० किंवा एसए२०२५ त्याच चाचण्यांतून गेलेलं असतं. त्यातून वाचलेल्या पैशात हॅन्स बसायची चांगली शक्यता आहे, आणि तुमचा ‘एकच गोष्ट’ हा प्रश्न तिथेच सुटतो. मानेवर येणाऱ्या सव्वातीनशे किलोंतून दोन-अडीचशे ग्रॅम हलक्या हेल्मेटने दहा-बारा किलो कमी होतील. हॅन्सने बहुतेक सगळा भार मानेवरून उतरतो.

हेल्मेटसाठी पैशांपेक्षा वेळ जास्त खर्च करा. भुवयांच्या बोटभर वर टेप धरून डोक्याचा घेर मोजा, घालून बघा, हेल्मेट हाताने धरून डावीउजवीकडे हलवा: गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्टा बांधून मागून वर ढकला, डोक्यावरून पुढे निघून येता कामा नये. मग अर्धा तास तसंच घालून बसा. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर त्या कंपनीच्या साच्याशी तुमच्या डोक्याचा आकार जुळत नाही, दुसरी कंपनी बघा. चष्मा असेल तर तो घालून हेच करा, आणि आग-रोधक बालाक्लाव्हा (डोकं-चेहरा झाकणारी टोपी) घालणार असाल तर तोही चढवूनच. बंद गाडीत उघड्या तोंडाचं हेल्मेट नियमात बसतं बऱ्याच ठिकाणी, पण चेहरा आणि स्टीअरिंग यांच्यात मग काहीच उरत नाही. मी पूर्ण तोंडाचंच सांगेन.

एका गोष्टीवर तुमच्या पत्रात काहीच नाही, ती म्हणजे बाजूने बसणारी धडक. हॅन्स मुख्यतः समोरच्या आणि तिरक्या धडकेसाठी आहे. बाजूने डोकं गेलं तर त्याला अडवायला सीटचे कान लागतात, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले आधार. तुमच्या बकेटला ते नसतील तर पुढच्या वर्षीच्या यादीत ती सीट टाका. तोवर डोकं पोचेल तिथपर्यंतच्या केजच्या नळ्यांना रेसिंगचंच, एसएफआय ४५.१ चं कडक पॅडिंग लावा. पाण्याच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम नको. आणि याच केजमुळे ही गाडी रोज रस्त्यावर, हेल्मेटशिवाय चालवत असाल तर ते थांबवा. उघड्या डोक्याच्या मागे लोखंडी नळी हा रस्त्यावरचा वेगळाच धोका आहे.

पत्नीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ‘नाहीतर जाऊ नका’ हा भाग बरोबर. ‘सगळ्यात भारी’ या भागासाठी त्यांना किमतीऐवजी लेबलं दाखवा. कुठला आकडा कशासाठी, एकदा शेजारी बसून वाचा. ज्या माणसाला आपण काय विकत घेतोय हे नीट सांगता येतं, त्याच्यावर घरचे जास्त विश्वास ठेवतात असा माझा अंदाज आहे.

दादांचं प्रकरण तुम्ही उगाच अवघड करून ठेवलंय. हेल्मेट स्क्रुटिनीत बसणार नसेल, तर तसं थेट सांगा: ‘दादा, हे मला वापरू देणार नाहीत.’ यात त्यांचा अपमान नाही, आणि खोटंही नाही. फक्त नियमाच्या आड लपून तेवढ्यावरच थांबू नका. ‘आम्ही आयुष्यभर कॉलरवर चालवली’ असं ते म्हणाले, तर त्या काळात दुसरं काही मिळतच नव्हतं हे तुम्ही मान्य करा, आणि आज ते मिळतंय हे त्यांनी मान्य करावं. वाद घालून त्यांना पटवायची गरज नाही. त्यांना काम द्या. हार्नेस आवळलेल्या ड्रायव्हरला स्वतःचे खांदे दिसत नाहीत. पट्टे पंखांवर बसलेत का, टेदर दोन्ही बाजूंनी अडकलेत का, हे बाहेरच्या माणसालाच बघावं लागतं, प्रत्येक फेरीआधी. शिवाय हॅन्स घालून गाडीतून बाहेर पडायचा सराव लागतो. पट्टा सोडा, स्टीअरिंग निघत असेल तर काढा, दार उघडा, बाहेर. जोखड दाराच्या चौकटीला किंवा खिडकीच्या जाळीला अडकतं, पहिल्यांदा हमखास. घड्याळ लावून उभं राहायला जुना रेसर असला तर उत्तमच.

तेव्हा क्रम असा ठेवा: सहा-बिंदू हार्नेस, त्याचे पट्टे मागे नीट बांधून, मग हॅन्स, मग चालू प्रमाणाचं साधं हेल्मेट. तिन्ही झाल्याशिवाय स्पर्धेत नाव घालू नका. एक हंगाम पुढे गेला तरी चालेल. मधल्या काळात ट्रॅक-डे सोडवत नसतील, तर गाडीची मूळ सीट आणि मूळ पट्टा घरी पडलेला असेल तो परत बसवा, मोकळा रन-ऑफ असलेला ट्रॅक निवडा आणि चालू प्रमाणाचं हेल्मेट घालून चालवा. कंपनीने सीट, पट्टा आणि एअरबॅग एकमेकांशी जुळवून दिलेली असते. त्यातली अर्धी काढून अर्धी ठेवण्यापेक्षा ती पूर्ण बरी. अर्ध्या केजला हिल क्लाइंबमध्ये परवानगी आहे का, तेही नियमावलीत बघून घ्या, नाहीतर हा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

जाता जाता कार्टिंगवाल्यांसाठी, कारण हा प्रश्न मुलांच्या आईवडिलांकडून नेहमी येतो. कार्टमध्ये पट्टेच नसतात, त्यामुळे हॅन्सचा तिथे काही उपयोग नाही. तिथे मानेचे वेगळे ब्रेस मिळतात. लहान मुलाला मोठ्यांचं हेल्मेट आत कापड घालून देऊ नका. मुलांच्या मानेचा विचार करून वजनावर मर्यादा घातलेलं स्नेल-एफआयए सीएमआर हे वेगळं प्रमाण आहे. ते स्टिकर शोधा, आणि मूल वाढलं की हेल्मेट बदला, पाच वर्षं होण्याची वाट न बघता.